प्रवासाची खूण : कोकण-गोव्याहून काय आणावे?

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात जामनेर येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी मजसारख्या निवृत्त शिक्षकास चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, उभे आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतीत घालविलेला मनुष्य. मोठ्या तात्त्विक विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून घरगुती वाटणारा, परंतु विचार करण्याजोगा एक विषय मी निवडला आहे. हल्ली दिवाळीच्या अथवा नाताळच्या सुटीत आपल्यातील पुष्कळ कुटुंबे कोकणात आणि गोव्यास जातात. निजामुद्दीनहून वास्कोस जाणारी गोवा एक्सप्रेस आपल्या भुसावळवरूनच जाते, त्यामुळे समुद्र आता खानदेशास पूर्वीसारखा दूर राहिलेला नाही. ही मंडळी परत येतात तेव्हा पिशव्या भरून वस्तू आणतात. त्या वस्तू कोणत्या असाव्यात, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

प्रवासाहून काही आणण्याची चाल आपल्याकडे नवी नव्हे. आपले आजे-पणजे यात्रेस जात. पंढरपूरहून बुक्का, तुळशीची माळ आणि चुरमुरे येत. जेजुरीहून भंडारा येई. तुळजापूरहून कवड्यांची माळ येई. काशीस जाणारा भाग्यवान गंगाजलाचा गडू आणी आणि त्याचे चार थेंब गल्लीतील प्रत्येक घरी पोहोचत. या वस्तूंची किंमत आण्या-पैशांत होती. परंतु त्यांत एक गुण होता. जी वस्तू जेथून आणली ती तेथलीच असे. तिच्याकडे पाहिले की ते स्थळ डोळ्यांपुढे उभे राही आणि जो गेला नाही त्यासही यात्रेचा अंश मिळे. आपल्या या वार्षिकास आपण ‘स्मरणिका’ म्हणतो, त्याच अर्थाने त्या खऱ्या स्मरणवस्तू होत्या.

आता समुद्रकिनाऱ्यावरील दुकानांकडे दृष्टी टाकावी. तेथे टोप्या, गॉगल, चावीच्या साखळ्या, प्लॅस्टिकची जहाजे, शिंपल्यांवर गोव्याचे नाव रंगविलेल्या डब्या यांचे ढीग असतात. गेल्या खेपेस एका दुकानात मी नारळाच्या झाडाखाली बसलेल्या कोळ्याची छोटी मूर्ती पाहिली. दुकानदार म्हणाला, “गुरुजी, अस्सल इथली.” मूर्ती उलटी केली तो बुडाशी परदेशाचे नाव साच्यातूनच उमटलेले! मी ती हळूच जागेवर ठेवली. दुकानदारास दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक विचारीत नाही, म्हणून तो सांगत नाही. हणजुणे येथे बुधवारी भरणारा बाजार तर जगप्रसिद्ध आहे. तेथे काश्मीरच्या शाली, राजस्थानचे आरशांचे कापड, कर्नाटकातील लमाणी स्त्रियांचे भरतकाम असा देशभरचा माल मिळतो. त्यांतील पुष्कळ वस्तू सुंदर आहेत आणि त्या करणारे हातही कष्टाळू आहेत. परंतु त्या गोव्याच्या आठवणी होऊ शकत नाहीत, हे ध्यानात ठेवूनच त्या घ्याव्यात.

मग खरोखर तेथले असे काय आहे? आरंभ सावंतवाडीपासून करू, कारण गोव्यास जाताना ती वाटेतच लागते. मोती तलावाच्या काठी वसलेल्या या गावात चितार आळी नावाची आळी आहे. चितारी म्हणजे लाकडावर रंगकाम करणारे कारागीर. सावंत-भोसले राजघराण्याच्या आश्रयाने येथे लाकडी खेळणी, पाट, चौरंग, देव्हारे, पाळणे यांचा धंदा वाढला. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड वाळवावयाचे, तासावयाचे, घासून गुळगुळीत करावयाचे, त्यावर अस्तराचे हात द्यावयाचे आणि मग रंग चढवावयाचे, असे हे काम आहे. येथील लाकडी फळे तर अशी हुबेहूब की पाहुण्याने हात पुढे करावा. आंबा, फणस, काजू, सीताफळ यांच्याबरोबर त्या टोपलीत केळीही असतात. केळीच्या जिल्ह्यातील माणसाने सावंतवाडीहून लाकडी केळी आणावी यात गंमत आहे खरी, परंतु आमच्या शेजारच्या घरी ती फळीवर ठेवलेली आहेत आणि लहान मुले अजून फसतात!

या गावाचे दुसरे भूषण म्हणजे गंजिफा. आपल्या तरुण मंडळींस हा शब्दही अपरिचित असेल. गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले, वाटोळ्या आकाराचे पत्ते. हा खेळ मोगलांबरोबर हिंदुस्थानात स्थिरावला. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली डावात आठ रंगांची ९६ पाने असत. आपल्या लोकांनी त्यास आपले रूप दिले आणि दशावतारी गंजिफा निर्माण झाली. तिच्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंतची पाने, म्हणजे एकूण १२० पाने. मत्स्याचे चिन्ह मासा, कूर्माचे कासव, वामनाचे कमंडलू, परशुरामाचा परशू. खेळ दिवसा मांडला तर ज्याच्या हाती राम त्याने सुरुवात करावयाची आणि रात्री मांडला तर ज्याच्या हाती कृष्ण त्याने, असा गोड संकेत आहे. जुन्या रीतीप्रमाणे कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पान तयार करीत, मग रंग आणि शेवटी लाखेचा हात. अक्षरओळख नसलेल्या घरातही या पत्त्यांमुळे दशावतार मुलांस तोंडपाठ होत असतील. मी शिक्षक आहे, म्हणून मला याचे विशेष कौतुक वाटते.

परंतु बंधूंनो, ही कला एकदा मरणाच्या दारापर्यंत गेली होती. छापील पत्ते स्वस्त झाले, संस्थान विलीन झाले, आश्रय सुटला. १९७०च्या सुमारास सावंतवाडीत गंजिफा जाणणारे म्हणजे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर. त्यांच्यामागे हे ज्ञान त्यांच्याबरोबरच संपावयाचे. त्या वेळी शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती कला स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच लाखकामाची कार्यशाळा सुरू केली. स्थानिक तरुण मुलेमुली तेथे शिकली. शिवरामराजे १९९५ साली आणि सत्त्वशीलादेवी २०१८ साली निवर्तल्या, तरी काम थांबले नाही. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांस आणि तेथील लाकडी कामास भौगोलिक मानांकन मिळाले. राजवाड्यात जाऊन रंगकाम करणाऱ्यांचे हात आपण डोळ्यांनी पाहू शकता. एका माणसाकडून दुसऱ्याने शिकण्यास एका पिढीचा उशीर झाला असता, तर आज पाहण्यासारखे काहीच उरले नसते.

भौगोलिक मानांकन म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगतो. १९९९ साली आपल्या संसदेने यासंबंधीचा कायदा केला आणि तो २००३ साली अमलात आला. अमुक वस्तूचा गुण अमुक भूमीमुळे अथवा तेथील परंपरेमुळे आहे असे सिद्ध झाले, तर त्या भूमीबाहेरच्या मालास ते नाव लावता येत नाही. आपल्या जळगावच्या केळीस आणि भरिताच्या वांग्यास हाच मान २०१६ साली मिळाला आहे. दुसऱ्या मुलखातले वांगे कोणी जळगावचे म्हणून विकले, तर आपणास राग येईल. तोच न्याय आपण चिताऱ्याच्या आंब्यास लावला पाहिजे. मात्र मानांकन ही फक्त नावाची राखण आहे. पोट भरण्यास गिऱ्हाईकच लागते.

सावंतवाडीच्या अलीकडे कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या यांची परंपरा जपली आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे सुट्या पानांवर काढून त्यांचा एक गठ्ठा करतात, त्यास ‘पोथी’ म्हणतात. एकेक चित्र पुढे धरून गायन-वादनासह कथा सांगावयाची. चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळही ते करतात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गोठ्याच्या जागेतच संग्रहालय उभारले आहे. तेथे चित्रकथीच्या शैलीतील चित्र विकत घेता येते. घरी भिंतीवर लावण्यास छापील देखाव्यापेक्षा असे एक चित्र शतपटीने बरे. येथे एक गोष्ट आपण ज्ञातिसंमेलनात बसलो आहोत म्हणून मुद्दाम बोलतो. ज्या समाजांनी पिढ्यान्पिढ्या हे ज्ञान सांभाळले, त्यांच्या पदरी मान आणि दाम दोन्ही कमीच पडले. आपल्या ज्ञातीचा अभिमान बाळगणाऱ्याने दुसऱ्या ज्ञातीच्या कौशल्यापुढेही मस्तक नमविले पाहिजे.

आता गोव्यात प्रवेश करू. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. साडेचार शतकांच्या पोर्तुगीज सत्तेने तेथे काही कला आणल्या आणि गोमंतकीयांनी त्या आपल्याशा केल्या. निळ्या-पांढऱ्या चकाकत्या फरश्यांचे काम, ज्यास ‘अझुलेजो’ म्हणतात, हे त्यांपैकी एक होय. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या भिंतीवर या फरश्यांवर चितारलेले मोठे प्रसंग आहेत, ते अवश्य पाहावेत. हल्ली गोव्यातील कारागीर अशा फरश्या स्वतः रंगवितात. दारावर लावण्याची नावाची पाटी अथवा घराचा क्रमांक ते आपल्या सांगण्याप्रमाणे करून देतात. जामनेरच्या एखाद्या घरावर मराठी आडनाव घातलेली निळी फरशी शोभून दिसेल, आणि ती दुसऱ्या कोणाच्या घरी असणार नाही.

मारिओ मिरांडा हे नाव आपल्यातील जुन्या वाचकांस ठाऊक असेल. १९२६ साली दमण येथे जन्मलेल्या आणि लोटली गावात राहिलेल्या या व्यंगचित्रकाराने मुंबईच्या वर्तमानपत्रांतून देशास हसविले. गोव्याचा बाजार, लग्न, बसमधील गर्दी, पाद्री, कोळणी, कुत्री, सारे गाव त्यांनी रेषेत पकडले. ते २०११ साली वारले आणि २०१२ साली त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. त्यांची चित्रे कप, फरश्या, दिनदर्शिका यांवर छापून अधिकृत दुकानांतून विकली जातात. त्यांची नक्कलही फार होते, म्हणून चित्राखाली सही आणि दुकानाची अधिकृतता पाहूनच घ्यावे.

भगिनींसाठी कुणबी साडीची हकीकत सांगतो. गोव्यातील कुणबी-गावडा स्त्रिया शेतात काम करताना लाल चौकड्यांची, आखूड, खांद्यावर गाठ मारलेली सुती साडी नेसत. आपल्याकडील कुणबी आणि हे कुणबी यांचे नाव एक असले तरी समाज निराळे. गोव्यात त्यांची गणना २००३ सालापासून अनुसूचित जमातीत होते. हातमाग बंद पडत गेले आणि ही साडी लोपत चालली. वेंडेल रॉड्रिक्स या गोमंतकीय वेशकाराने सुमारे २०१० साली तिला नवे रूप देऊन पुन्हा लोकांपुढे आणले. ते २०२० साली निवर्तले, परंतु साडी राहिली. मात्र यंत्रमागावर विणलेले चौकड्यांचे कापडही त्याच नावाने खपविले जाते. हातमागाची आहे काय, कोठे विणली, हे विचारूनच घ्यावी. याखेरीज डिचोलीकडील मातीकाम, कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचे रंगीत पाट, काथ्याच्या आणि नारळाच्या करवंटीच्या वस्तू आहेत. खाण्याच्या वस्तूंत काजू, कोकम आणि जत्रेतील खाजे हे प्रवासास टिकणारे आहेत. सरकारी हस्तकला महामंडळाच्या दुकानात भाव लिहिलेले असतात, त्यामुळे नवख्या माणसाची फसगत होत नाही.

काय घेऊ नये, तेही सांगितले पाहिजे. पोवळ्याचे खडक, समुद्री घोडे, समुद्रपंखे आणि काही जातींचे मोठे शंख यांस १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. २००१ साली त्यांचा समावेश त्या कायद्याच्या अनुसूचींत झाला. ते विकणे गुन्हा आहे आणि विकत घेऊन बाळगणेही आपणास अडचणीत आणील. पोवळे हे सजीवांचे घर आहे. आपल्या कपाटात शोभेसाठी ते आणणे म्हणजे कोणाचे तरी घर उचलून आणणे होय.

खरे-खोटे कसे ओळखावे? माझे चार साधे नियम आहेत. पहिला, वस्तू उलटी करून पाहावी. साच्यातून काढलेल्या मालास कडेने शिवण दिसते आणि दहाही वस्तू तंतोतंत सारख्या असतात. हाताने रंगविलेल्या दोन आंब्यांचा रंग कधी एकसारखा नसतो. दुसरा, कोणी केली आणि कोठे केली, हे विचारावे. खरा विकणारा आनंदाने सांगतो, कित्येकदा आत नेऊन दाखवितो. तिसरा, किनाऱ्यापेक्षा कारागिराच्या आळीत जाऊन घ्यावे. पैसा थेट त्याच्या हाती पडतो. चौथा नियम घासाघिशीचा. घासाघीस हा आपला स्वभावच आहे आणि बाजाराच्या मालाशी ती अवश्य करावी. परंतु १२० पानांवर १२० चित्रे हाताने काढणाऱ्यापुढे अर्ध्या किमतीवर अडून बसू नये. आपल्या कापसास अथवा केळीस व्यापारी जेव्हा पाडून भाव देतो, तेव्हा आपल्या जिवाची जी तगमग होते, ती येथे आठवावी.

कोणी म्हणेल, “गुरुजी, हे सारे महाग पडते. व्याही, मेहुणे, शेजारी, दहा घरी काहीतरी द्यावे लागते.” यावर उपाय आहे. वीस फालतू वस्तूंच्या पैशांत लाकडी फळांची एक टोपली येते. तिच्यातील एकेक फळ एकेका घरी द्यावे. कोकम आणि काजू पुड्या करून वाटावेत. जी मोठी वस्तू असेल ती एकच घ्यावी, घरासाठी. मुलांस एक वही द्यावी आणि प्रत्येक वस्तूपुढे कारागिराचे नाव, गाव, लाकूड किंवा सूत, आणि किंमत लिहावयास सांगावी. भूगोलाचा असा धडा मला वर्गात चाळीस मिनिटांत शिकविता आला नाही.

आता शेवटची गोष्ट आपल्या स्वतःविषयी. आपल्या तालुक्यातील पहूरवरूनच फर्दापूर आणि अजिंठ्याचा रस्ता जातो. १८१९ साली ही लेणी इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली, तेव्हापासून साऱ्या जगाचे प्रवासी आपल्या दारावरून जातात. ते आपल्याकडून काय नेतात? काळ्या खडकाच्या पोकळीत सापडणारे स्फटिक ते नेतात. आपल्या जिल्ह्यातील सावद्याचे नाव जगभरच्या खनिजसंग्राहकांस ठाऊक आहे. परंतु ती निसर्गाची करणी झाली. आपल्या हाताचे असे आपण त्यांस काय देतो? आपल्या आयाबहिणी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात, त्यांवरील टाक्यांची नक्षी कोणत्याही प्रदर्शनात मान मिळवील. ज्या खापरावर आपले मांडे होतात ते कुंभाराचे खापर, पोळ्याचे मातीचे बैल, केळीच्या सोपटाचा धागा, हे सारे आपलेच आहे. खापर करणारे कुंभार आणि बैल घडविणारे हात किती उरले आहेत, याची मोजदाद आपण कधी केली काय? सावंतवाडीस राजाराणी लाभले. आपणास कोणी राजा येणार नाही. येथे आपल्या मंडळालाच ते काम करावे लागेल.

म्हणून माझी चालकांस विनंती आहे. पुढील वार्षिक संमेलनात भोजनमंडपाच्या शेजारी एक छोटे दालन असावे. त्यात आपल्या भगिनींनी शिवलेल्या गोधड्या आणि तालुक्यातील कुंभार, सुतार, बुरूड या सर्व ज्ञातींच्या कारागिरांनी केलेल्या वस्तू त्यांच्या नावासह मांडाव्यात, त्यांस योग्य दाम द्यावा, आणि सत्कारमूर्तीस शाल-श्रीफळाबरोबर त्यांपैकी एक वस्तू द्यावी. दोन तरुणांनी त्या कारागिरांकडे बसून त्यांची रीत लिहून घ्यावी, अथवा त्याहून बरे म्हणजे शिकून घ्यावी. शिकवणारा हयात असेपर्यंतच शिकणे शक्य असते, हे चाळीस वर्षे शिकविणाऱ्यास कोणी सांगावे लागत नाही.

 येत्या सुटीत जी कुटुंबे समुद्राकडे निघतील त्यांचा प्रवास सुखरूप होवो आणि त्यांच्या पिशवीत एक तरी वस्तू अशी येवो, जिच्या मागे एका माणसाचे नाव आहे. इतके बोलून मी आपली रजा घेतो.